सोलापूरचे ऊन आणि रापलेले चेहरे



स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे सांगण्यात आले, तेव्हा बहुतेकींच्या डोळ्यांपुढे भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचे तळे, नाहीतर जुन्या गिरणीची चिमणी आली असेल. त्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी घेतलेला विषय त्या सर्वांहून जुना आहे, आणि तो आपणा प्रत्येकीच्या अंगावरच आहे. तो म्हणजे आपली कातडी आणि तिच्यावर पडणारे ऊन. त्यालाही इतिहास असतो काय, असे कोणी विचारील. असतो, आणि त्यात आपल्या स्त्रीवर्गाचा भाग बराच मोठा आहे.

आपल्या भाषेत 'रापणे' हा एक फार नेमका शब्द आहे. भाजणे निराळे, पोळणे निराळे, करपणे निराळे. हात तव्याला लागला तर तो भाजला हे त्याच क्षणी समजते. रापणे मात्र हळूहळू होते, त्याची आग होत नाही, म्हणून त्याकडे लक्षही जात नाही. शेतात राबणाऱ्या बाईचा चेहरा रापलेला आहे असे आपण सहज म्हणतो, आणि पुष्कळदा त्याबरोबर तिचे वयही दहा वर्षांनी वाढवून सांगतो. हे असे का होते, हे शास्त्राला बऱ्याच उशिरा कळले. परंतु ऊन टाळावे आणि सावली धरावी एवढे शहाणपण माणसाला फार पूर्वीपासून होते. प्रश्न असे तो सावली कोणाला मिळावी एवढाच.

६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांच्या मस्तकावर छत्र धरले गेले आणि ते छत्रपती झाले. छत्र म्हणजे सार्वभौम राजाची खूण. त्याच्या खालोखाल मान अब्दागिरीचा. हा शब्द फारशीतील 'आफताबगीर' यावरून आला. आफताब म्हणजे सूर्य. सूर्याला अडविणारी ती अब्दागीर. मराठेशाहीत मोठ्या सरदारांना पालखी, अब्दागीर असे मान मिळत. आषाढी वारीत पालखीबरोबर अब्दागिरी चालताना आपण आजही पाहतो. म्हणजे पाहा, डोक्यावर सावली असणे हीच प्रतिष्ठा होती आणि ती सनदेने मिळे. बाकीच्या रयतेने मुंडासे गुंडाळावे, खांद्यावरची घोंगडी डोक्यावर घ्यावी, आणि बायांनी पदर घ्यावा.

पदराविषयी आपल्याकडे मर्यादेच्या दृष्टीने पुष्कळ बोलले गेले. तो घ्यावा की न घ्यावा यावर सासवा-सुनांचे वादही झाले. परंतु नऊवारी लुगड्याचा जाड, घट्ट विणीचा पदर कपाळाच्या पुढे ओढून घेतला म्हणजे कपाळ, कान आणि मान यांवर सावली पडते, ही गोष्ट त्या वादात कोणी बोलून दाखविल्याचे मला आठवत नाही. मर्यादेसाठी पदर सक्तीचा करणे मला पटत नाही. पण उन्हासाठी तो उपयोगाचा आहे, हे मानावयास काही हरकत नसावी.

छत्रीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. इंग्रजी अमलात कापडी छत्र्या आल्या आणि पांढरपेशा पुरुषांच्या हाती दिसू लागल्या. बायकांनी मात्र ती धरणे म्हणजे पुरुषांची बरोबरी करणे असे समजले जाई. मराठीतील आरंभीच्या लेखिका काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) आणि आपल्या पहिल्या डॉक्टरीणबाई आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्याविषयी असे लिहिलेले आढळते की, पायांत जोडे घालून व हाती छत्री घेऊन त्या रस्त्यावरून निघाल्या म्हणून लोकांनी त्यांच्यावर दगड मारले. ज्या उन्हात पुरुषाने छत्री उघडावी त्याच उन्हात बाईने उघड्या डोक्याने, नाहीतर नुसत्या पदराने चालावे, अशी त्या काळची समजूत होती. आज नव्या पेठेत आपण रंगीबेरंगी छत्री उघडून भाजीला निघतो, तेव्हा ती छत्री आपल्या हाती फुकट आलेली नाही.

साहेबाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपला सदर बझार हा मूळचा इंग्रजी छावणीचा बाजार. त्या काळी हिंदुस्थानात आलेला साहेब सोला हॅटखेरीज दिवसा घराबाहेर पडत नसे. (या 'सोला'चा सोलापूरशी काही संबंध नाही, शोला म्हणजे भेंड. ज्या भेंडाची आपल्याकडे बाशिंगे होतात त्याच हलक्या भेंडाची ती टोपी.) इथल्या उन्हाचे किरण कवटीतून आणि पाठीच्या कण्यातून आत शिरून मेंदू बिघडवितात, असे त्यांच्या डॉक्टरांनीही मानले होते. कित्येक साहेब पाठीच्या कण्यावर जाड कापडाची पट्टी शिवून घेत. पुढे दुसऱ्या महायुद्धात गोरे सैनिक बिनहॅटचे उन्हात वावरले तरी त्यांचे मेंदू शाबूत राहिले, आणि ती टोपी हळूहळू सुटली. भीती खोटी नव्हती, पण तिचा पत्ता चुकीचा होता. उष्म्याने ताप चढतो, भोवळ येते, उष्माघाताने माणूस दगावतोही. परंतु प्रकाशाचे किरण जे काही करतात ते मेंदूत शिरून नव्हे, कातडीतच करतात.

हे कातडीचे कोडे सुटण्यास सुरुवात झाली ती जर्मनीत. योहान रिटर नावाच्या शास्त्रज्ञाने १८०१ साली सूर्यप्रकाश लोलकातून पाडून त्याचे रंग वेगळे केले आणि चांदीच्या क्षारावर प्रत्येक रंगाचा परिणाम पाहिला. हा क्षार उजेडाने काळा पडतो. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे तो सर्वांत लवकर काळा पडला. म्हणजे उन्हात डोळ्यांना न दिसणारेही किरण आहेत. जांभळ्याच्या पलीकडचे म्हणून त्यांना आपण अतिनील किरण म्हणतो. हे किरण दिसत नाहीत आणि उष्णही लागत नाहीत. सगळी मेख इथेच आहे. आपल्याला ऊन कळते ते उष्म्याने, आणि कातडीचे नुकसान होते ते या किरणांनी.

१८९४ साली हॅम्बुर्गच्या उन्ना नावाच्या त्वचेच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे जहाजावर काम केलेल्या खलाशांची कातडी तपासली. चेहरा व हात जाड, खरखरीत, डागाळलेले, आणि कित्येकांना तिथेच कर्करोग. फ्रान्समध्ये बोर्डोच्या डॉक्टरांनाही द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांच्या बाबतीत तेच आढळले. शहरात सावलीत राहणाऱ्यांना तसे होत नसे. ही सर्व कामकरी माणसे होती हे ध्यानात ठेवावे.

एवढे कळल्यावर लोक शहाणे व्हावयाचे, पण झाले उलटेच. त्याला कारणही तसेच चांगले होते. डेन्मार्कच्या डॉक्टर फिन्सेन यांनी एकवटलेल्या प्रकाशाने कातडीचा क्षय बरा करून दाखविला आणि १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१९ साली बर्लिनमध्ये मुडदूस झालेली मुले अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरी केली गेली. झाले! ऊन म्हणजे अमृत असे युरोपात म्हणू लागले. जिथे श्रीमंत बायका शतकानुशतके झालरीच्या छत्र्या घेऊन गोरेपणा जपत, तिथेच १९२० नंतर समुद्रकिनारी उघड्या अंगाने पडून कातडी तांबूस करण्याची फॅशन निघाली. पूर्वी रापलेली कातडी ही मजुराची खूण होती. आता मजूर कारखान्यांच्या छपराखाली गेले आणि रापणे ही सुट्टीवर जाणाऱ्या श्रीमंताची खूण झाली. पुढे त्याच गोऱ्या लोकांत कातडीचे कर्करोग फार वाढले. उन्हावरची मलमेही निघाली. फ्रान्झ ग्रायटर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १९४६ साली असे एक मलम बाजारात आणले, आणि मलम उन्हाला किती अडविते ते मोजण्याचे जे 'एसपीएफ' नावाचे माप आज प्रत्येक बाटलीवर असते, तेही त्यानेच रूढ केले.

आता कातडीत होते काय ते माझ्या शब्दांत सांगते. आपली कातडी वरून पातळ आणि खाली जाड अशा दोन थरांची आहे. खालच्या थरात बारीक तंतूंची वीण असते. काही तंतू बळकटी देतात, काही लवचिकपणा देतात. खाटेची नवी नवार जशी ताणून पुन्हा जागेवर येते तशी तरुण कातडी येते. अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. एक वरच्या थरावर काम करतो. त्याने कातडी लाल होते, सोलते, आणि पेशींच्या आतील बीजालाच इजा होते. ती इजा शरीर बहुतेक वेळा दुरुस्त करते, पण प्रत्येक वेळी नाही. राहिलेल्या चुकांतूनच कधी कर्करोग उद्भवतो. दुसरा प्रकार खोल जातो आणि तंतूंची वीण उसवतो. मग नवार सैल पडते. त्यालाच आपण सुरकुती म्हणतो. हा दुसरा प्रकार खिडकीच्या काचेतूनही आत येतो.

यावर २०१२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात आलेले छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. एका मालमोटार चालकाचे ते आहे. त्याने २८ वर्षे गाडी चालविली. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकीतले ऊन सदैव त्याच्या डाव्या गालावर पडले. वय ६९, पण डावा गाल खोल सुरकुत्यांचा आणि लोंबलेला, उजवा त्या मानाने कितीतरी नितळ. माणूस एकच, जन्मतारीख एकच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे आपल्या चालकांचा उजवा गाल पाहावा लागेल.

एवढ्या लांबचा दाखला नको असेल तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा हात पाहावा. माझ्या सासूबाई आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांच्या मनगटावरची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी आहे, आणि चोळीच्या बाहीच्या आतला दंड मात्र अजून मऊ, बिनडागाचा. वयाने सुरकुती पडते हे खरे, पण मग ती दंडावर का नाही? दोन्ही कातड्या बरोबरीनेच सत्तर वर्षांच्या झाल्या. मधला फरक आहे तो उन्हाचा.

आणि ते ऊन कुठले तेही त्या सांगतात. मंगळवेढ्याकडचे त्यांचे माहेर. १९७२ च्या दुष्काळात त्या ऐन विशीत होत्या. विहिरी आटल्या, ज्वारी गेली, आणि सारे गाव दुष्काळी कामावर गेले. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. आणि बायांच्या वाट्याला विशेषेकरून खडी फोडणे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात ५० लाखांच्या आसपास माणसे अशा कामांवर होती, आणि त्यांत बायांची संख्या मोठी होती. त्या दिवसांतील सुकडीची आणि परदेशी लाल ज्वारीची गोष्ट सगळेच सांगतात. पण उन्हाची कोणी सांगत नाही. खडी फोडणारी बाई एका जागी बसते. वरून ऊन आणि खालून पांढऱ्या दगडावरून परतून येणारे ऊन, असे दोन्हीकडून तिचा चेहरा रापतो. पदर वरचे ऊन अडवील, पण खालून येणारे कसे अडविणार? "सावली मागायला गेलो असतो तर मुकादमानं हजेरीच मोडली असती," असे सासूबाई म्हणतात. एक बाभळ होती, तिच्याखाली लेकरे निजवत. दोन वर्षांनी लग्न ठरवावयास आलेल्या मंडळींनी मुलगी वयाने मोठी दिसते म्हणून दोन वेळा वय विचारले, ही गोष्ट त्या आज हसत सांगतात. तेव्हा त्यांना हसू आले नसावे.

त्याच दुष्काळातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. तो १९७७ साली मंजूर झाला आणि १९७९ पासून अमलात आला. नंतर २००५ साली साऱ्या देशासाठी जो कायदा झाला, त्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि मुलांसाठी व विसाव्यासाठी सावली असावी, असे लिहिले गेले. अब्दागिरीपासून इथपर्यंत येण्यास एवढा काळ लागला.

आपण गव्हाळ, सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या, आपल्याला उन्हाने काय होणार, असे पुष्कळजणी म्हणतात. त्यात अर्धे खरे आहे. कातडीत जो काळा रंग असतो ती शरीराने स्वतःच उघडलेली छत्रीच आहे. ऊन लागले की शरीर आणखी रंग तयार करते, म्हणूनच आपण काळवंडतो. त्यामुळे गोऱ्या लोकांइतका कातडीचा कर्करोग आपल्याकडे होत नाही. परंतु छत्रीतूनही काही ऊन गळतेच. आपल्याकडे त्याचा परिणाम सुरकुत्यांच्याही आधी डागांच्या रूपाने दिसतो. बाळंतपणानंतर गालांवर येणारे वांग उन्हाने अधिक गडद होतात. सुश्रुतसंहितेत याला व्यंग म्हटले आहे आणि क्रोध व श्रम ही त्याची कारणे दिली आहेत. श्रमाची गोष्ट वाचून मला वाटले की, ते श्रम बहुधा उन्हातलेच असतील. हा माझा तर्क. वैद्यांनी रागावू नये. ज्यांच्या अंगी जन्मतःच रंग नसतो त्यांना, आणि कोडाच्या पांढऱ्या जागांना, ही छत्री मुळीच नाही. त्यांनी तर ऊन फारच जपावे.

हा रंग म्हणजे संरक्षण असताना आपल्या देशात मात्र तो घालविण्याचाच धंदा मोठा झाला. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली आणि घरोघरी पोचली. २०२० साली तिचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' करण्यात आले. नाव बदलले तरी लग्नाच्या बाजारातील दृष्टी तेवढ्याने बदलत नाही. सावळे असणे आणि उन्हाने कातडी खराब होणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण मात्र दोन्हींना 'काळी पडली' हा एकच शब्द वापरतो. दुकानात कोणाच्या सांगण्यावरून मिळणारी, आठ दिवसांत गोरे करणारी मलमे तर मुळीच लावू नयेत. कित्येकांत तीव्र औषधे असतात, त्यांनी कातडी पातळ होते आणि ऊन अधिकच लागते.

आता आपल्या सोलापूरचे पाहू. मे महिन्याच्या १०-११ तारखेच्या सुमारास दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. पुन्हा असेच ऑगस्टच्या आरंभी होते, पण तेव्हा ढग असतात म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. पातळ ढगांतून हे किरण बरेचसे खाली येतात. उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाणाऱ्यांना तिथले गार ऊन निर्धोक वाटते; प्रत्यक्षात उंचावर हे किरण अधिकच तीव्र असतात. उलट आपल्याकडे संध्याकाळी पाच-सहाला रस्ता तापलेला असतो, पण किरण सौम्य झालेले असतात. उष्म्यावरून अंदाज केला की तो चुकतो. त्याऐवजी सावली पाहावी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर ऊन जहाल समजावे, लांब झाली की बाहेर पडण्यास हरकत नाही. याला घड्याळ लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

कापड हे सर्वांत स्वस्त औषध. जाड, घट्ट विणीचे कापड चांगले. झिरझिरीत ओढणी दिसावयास छान, पण ऊन गाळूनच देते. गडद रंग पांढऱ्यापेक्षा अधिक अडवितो. आपल्या गावचा टॉवेल भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. हमाल, गवंडी तो डोक्यावर घेतात ते उगाच नव्हे. गाडीवरून जाणाऱ्या मुली हल्ली डोळे तेवढे उघडे ठेवून सारा चेहरा बांधतात आणि हातांवर सनकोट चढवितात. आमच्या पिढीतील काहीजणी त्यांना नावे ठेवतात. मला तर त्यांचे कौतुकच वाटते. मलम ज्यांना परवडते त्यांनी ३० किंवा त्याहून वरच्या एसपीएफचे घ्यावे, भरपूर लावावे, आणि उन्हातच असल्यास दोन-दोन तासांनी पुन्हा लावावे. सकाळी लावलेले दिवसभर पुरत नाही.

ऊन अगदीच वर्ज्य करू नये. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व कातडी उन्हातच तयार करते, आणि दिवसभर माजघरात बसून विड्या वळणाऱ्या आपल्या भगिनींना ते कमी पडू शकते. शंका असेल तर दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे, म्हणजे दोन टोकांचे अंदाज करीत बसावे लागत नाही. तसेच अंगावरचा एखादा डाग किंवा तीळ वाढू लागला, त्याचा रंग बदलला, किंवा ओठावर वा चेहऱ्यावर न भरणारी जखम झाली, तर त्यावर हळद लावून वाट न पाहता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

राहता राहिले वाळवण. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे घालताना आपण जेवढे ऊन खातो तेवढे सबंध वर्षात खात नसू, आणि तेही खाली पसरलेल्या पांढऱ्या धोतरावरून परतून येणारे, म्हणजे खडी फोडण्याचाच प्रकार. आमच्या वाड्यात गेल्या उन्हाळ्यापासून चीक पहाटेच शिजविला जातो आणि कुरडया सकाळी आठच्या आत घालून होतात. उलटावयाच्या त्या पाचनंतर. मधल्या वेळी कावळे राखण्यास कोणीतरी लागतेच. ती पाळी आता जिन्याच्या सावलीत बसून, हातात लांब काठी घेऊन केली जाते.